आकार बदलला, पण हललं काय? रीशेपची पार्श्वभूमी

जीजीएमएल या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत पर्म्यूट केलेला (मितींचा क्रम बदललेला) टेन्सर, म्हणजे आकड्यांची अनेक मितींची मांडणी, थेट रीशेपला, म्हणजे आकार बदलणाऱ्या क्रियेला दिला, की प्रोग्राम बहुतेक वेळा तिथेच कोसळतो. टेन्सर मेमरीत सलग असायला हवा होता, एवढंच सांगणारी असर्टची (अट मोडली की प्रोग्राम थांबवणाऱ्या तपासणीची) एक ओळ उमटते आणि खेळ खलास. नमपाय या पायथनच्या लायब्ररीतून आलेल्या माणसाला हा उर्मटपणा वाटतो, कारण तिथे हेच काम वर्षानुवर्षं विनातक्रार होत आलेलं असतं. मलाही वाटला होता. पण दोन्ही लायब्रऱ्या एकाच जुन्या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देताहेत: आकार बदलण्यासाठी मेमरीतले आकडे हलवायची वेळ आलीच, तर ते वापरणाऱ्याला सांगायचं की नाही?

मेमरी म्हणजे घरांची एकच लांब रांग. तिच्यात ० ते ५ असे सहा आकडे ठेवले आणि त्यांना २ ओळी, ३ स्तंभ म्हटलं, तर पुढच्या स्तंभात जायला १ घर आणि पुढच्या ओळीत जायला ३ घरं ओलांडावी लागतात. या पावलांना स्ट्राइड म्हणतात. इथे ते (३, १). त्याच सहा आकड्यांना ३ × २ म्हणायचं ठरवलं, तर स्ट्राइड (२, १). आकडे जागचे हलले नाहीत, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी बदलली. आता मूळ २ × ३ चा ट्रान्सपोज घ्या, म्हणजे ओळी आणि स्तंभांची अदलाबदल करा. आकार पुन्हा ३ × २ च, पण स्ट्राइड (१, ३). इथेही काही हललं नाही. मात्र हा ट्रान्सपोज सपाट, म्हणजे एकाच मितीचा करायला सांगा. हवा असलेला क्रम ०, ३, १, ४, २, ५. म्हणजे तीन घरं पुढे, दोन मागे, पुन्हा तीन पुढे, दोन मागे. एका मितीला एकच स्ट्राइड असतो, आणि अशी मागेपुढे होणारी चाल त्यात बसत नाही. नवी जागा घेऊन आकडे कॉपी करणं भाग पडतं.

ही अडचण निघाली ती मेमरीत कुठला क्रम धरायचा या निर्णयातून, आणि तो निर्णय फार जुना आहे. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोरट्रान ही प्रोग्रामिंग भाषा बाहेर आणली. ॲरेला, म्हणजे आकड्यांच्या अशा मांडणीला, जास्तीत जास्त तीन मिती, आणि पहिला निर्देशांक सगळ्यात भरभर बदलणारा: म्हणजे आधी पहिला स्तंभ वरून खाली, मग दुसरा. गंमत म्हणजे ७०४ ची इंडेक्स रजिस्टरं (निर्देशांक ठेवायच्या जागा) पत्त्यात मिळवायची नाहीत, पत्त्यातून वजा करायची. म्हणून त्या काळी ॲरे मेमरीत उलटे, मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे मांडले जात. तो उलटेपणा यंत्राबरोबर गेला, स्तंभाचा क्रम मात्र भाषेला चिकटून राहिला.

फोरट्रानमध्ये तेव्हा रीशेप नावाचं काही नव्हतं, पण रीशेप होत होता. दुसऱ्या आवृत्तीत, १९५८ साली, सबरूटीन (वेगळे बोलावता येणारे प्रोग्रामचे तुकडे) आल्या. बोलावणाऱ्याने १०० घरांचा सपाट ॲरे धाडायचा आणि सबरूटीनने आपल्याकडे तो १० × १० म्हणून जाहीर करायचा. जात होता फक्त पत्ता. आकार ज्याचा त्याने मानायचा. घरांची संख्या जुळते का, हेही कुणी तपासत नसे. रीशेप हे अधिकृत फंक्शन व्हायला फोरट्रान ९० उजाडावी लागली, आणि तेव्हा त्याला मितींचा क्रम सांगायची आणि कमी पडलेली घरं भरायचीही सोय मिळाली.

आकार बदलणं ही स्वतंत्र क्रिया आहे हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एपीएल या भाषेने. केनेथ आयव्हरसन यांची संकेतपद्धती १९६२ साली पुस्तकरूपात आली आणि १९६६ मध्ये आयबीएमच्या ३६० यंत्रांवर ती प्रत्यक्ष चालू लागली. ग्रीक ऱ्हो हे एकच अक्षर दोन कामं करतं: उजवीकडे नुसता ॲरे दिला की त्याचा आकार सांगतं, डावीकडे आकारही दिला की ॲरे त्या आकारात बसवतं. एपीएलचा स्वभाव दिलदार. आकडे कमी पडले तर पहिल्यापासून पुन्हा वापरायचे, जास्त झाले तर उरलेले सोडून द्यायचे. आजच्या लायब्रऱ्यांना एक घर कमीजास्त झालेलं खपत नाही, आणि ते बरंच आहे. मॉडेलच्या वेटमध्ये (शिकलेल्या आकड्यांमध्ये) आकडे गुपचूप दोनदा वापरले गेले तर शोधायचे कुठे?

एपीएलच्याच अंगणात १९७० साली फिलिप एब्रम्स यांनी स्टॅनफर्डला एपीएल चालवणाऱ्या यंत्रावर पीएचडीचा प्रबंध लिहिला. ट्रान्सपोज, उलटा क्रम, ॲरेचा तुकडा घेणं या क्रियांसाठी आकड्यांना हात लावायची गरज नाही, सुरुवातीचा पत्ता आणि पावलं बदलली की भागतं, हे त्यात आहे. आज ज्याला आपण व्ह्यू म्हणतो तो मुळात हाच. इतकी नेटकी कल्पना रोजच्या वापरात यायला पंचवीस वर्षं गेली.

मधल्या काळात सी ही भाषा आली, आणि तिने फोरट्रानच्या उलट शेवटचा निर्देशांक भरभर बदलणारा मानला. मॅटलॅब फोरट्रानच्या बाजूला राहिली. एकाच फाइलमधले आकडे दोघांनी वाचले तर एकाचा मॅट्रिक्स दुसऱ्याला ट्रान्सपोज दिसतो, हे भांडण अजून मिटलेलं नाही.

पायथनसाठी जिम ह्युगुनिन यांनी १९९५ मध्ये न्युमेरिक ही लायब्ररी लिहिली. तिच्या वारशातून ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी नमपाय उभी केली आणि २००६ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. नमपायचा रीशेप जमेल तिथे व्ह्यू देतो आणि नाही जमलं तर न सांगता कॉपी करतो. सोयीचं खरं, पण आपण बदलतोय तो मूळ ॲरे की त्याची प्रत, हे कोड वाचून कळत नाही. ॲरेच्या आकारालाच थेट नवी किंमत दिली, तर मात्र तीच नमपाय कॉपी करायला नकार देऊन एरर देते. एकाच घरात दोन रिवाज. कॉपी चालणार नाही असं रीशेपलाच बजावायची सोय २०२४ च्या २.१ आवृत्तीत आली.

टॉर्च ही मशीन लर्निंगची लायब्ररी मात्र पहिल्यापासून बोलण्यात रोखठोक. २०११ च्या टॉर्च ७ मध्ये वर लुआ भाषा आणि खाली सी होती. आकडे ठेवणारं स्टोरेज वेगळं, आणि आकार, स्ट्राइड व सुरुवात सांगणारा टेन्सर वेगळा. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या पायटॉर्चने तोच सीचा पाया उचलला. तिथला व्ह्यू कधीही कॉपी करत नाही. जमत नसेल तर एरर. लोकांची नमपायची सवय काही जाईना, तेव्हा २०१८ मध्ये ०.४ आवृत्तीत रीशेपही दाखल झाला, कॉपी करायची मुभा असलेला. टेन्सरफ्लो या दुसऱ्या लायब्ररीने वादच ठेवला नाही: टेन्सर नेहमी सलग, त्यामुळे रीशेप फुकट, आणि ट्रान्सपोजच्या वेळी कॉपीची किंमत मोजायची.

२०१७ मध्येच ट्रान्सफॉर्मर या रचनेची मॉडेल आली आणि हा बारकावा प्रत्येक मॉडेलच्या पोटात जाऊन बसला. ७६८ लांबीच्या व्हेक्टरचे ६४ चे १२ हेड (समान भाग) पाडायचे, हा साधा रीशेप. मग हेडची मिती पुढे आणायची, तो पर्म्यूट. अटेन्शनचं गणित (टोकनांचा, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांचा, एकमेकांशी संबंध मोजणं) झालं की हेड मागे न्यायचे आणि पुन्हा ७६८ करायचे. हा शेवटचा रीशेप स्ट्राइडमध्ये बसत नाही, म्हणून त्याआधी टेन्सर सलग करून घ्यावा लागतो. इथे एक चूक फार छुपी असते. पर्म्यूटच्या जागी रीशेप लिहिला तरी आकार हवा तोच मिळतो, एरर येत नाही, लॉसही (मॉडेलच्या चुकांचं मोजमाप) थोडाफार उतरतो. फक्त एका टोकनचे आकडे दुसऱ्याच्या खात्यात पडलेले असतात. अशा एका ओळीने माझे दोन दिवस खाल्ले आहेत.

जॉर्जी गेर्गानोव्ह यांची जीजीएमएल ही सीमधली लायब्ररी आली तेव्हा हा सगळा वारसा तयार होता. भाषेची मॉडेल चालवणारी लामा.सीपीपी २०२३ च्या मार्चमध्ये आली ती तिच्याच जोरावर. जीजीएमएलमध्ये टेन्सरला चारच मिती. प्रत्येक मितीसाठी घरांची संख्या आणि बाइटमध्ये मोजलेला स्ट्राइड. रीशेपची नोंद गणनेच्या ग्राफमध्ये (करायच्या क्रियांच्या नकाशात) होते, पण तिच्या पाळीला करायचं काहीच नसतं, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तोच. म्हणूनच तो असर्ट. फुकट होणार असेल तरच रीशेप, नाहीतर सलग करायची क्रिया तुम्ही स्वतः लिहा, म्हणजे कॉपी कुठे होतेय ते ग्राफमध्ये दिसेल. बाइटन् बाइट मोजून चालणाऱ्या लायब्ररीला हे शोभतं.

तिथे नवख्याला गोंधळवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, मितींचा क्रम: सगळ्यात भरभर बदलणारी मिती पहिली. पायटॉर्चमधलं ३०७२ × ७६८ चं वेट इथे ७६८ × ३०७२ दिसतं, पण मेमरीतला आकड्यांचा क्रम तोच. दुसरी जास्त फसवी. पायटॉर्चच्या पर्म्यूटला २, ०, १ दिलं तर त्याचा अर्थ ‘नव्या पहिल्या जागी जुनी तिसरी मिती आणा’. जीजीएमएलमध्ये त्याच आकड्यांचा अर्थ ‘जुनी पहिली मिती तिसऱ्या जागी न्या’. दोनच मितींची अदलाबदल असेल तर दोन्हीचं उत्तर सारखं येतं, त्यामुळे फरक कित्येक दिवस लक्षातही येत नाही. तिन्ही फिरवल्या की कळतो.

क्वांटाइझ केलेल्या, म्हणजे कमी बिटांत दाबून बसवलेल्या, वेटमध्ये तर स्ट्राइडची कल्पनाच ताणली जाते. क्यू४_० प्रकारात ३२ आकड्यांचा एक ठोकळा १८ बाइटमध्ये बसतो: १६ बाइट आकड्यांचे, २ बाइट त्यांच्या सामाईक स्केलचे (सगळ्यांना गुणायच्या एका आकड्याचे). एकट्या आकड्याला स्वतःचा पत्ताच उरत नाही. पहिल्या मितीचा स्ट्राइड १८ बाइट, पण त्या एका पावलात ३२ आकडे मागे पडतात. ७६८ ची ओळ म्हणजे २४ ठोकळे, ४३२ बाइट. ती ६४ च्या १२ ओळींत मोडली तर प्रत्येक ओळीला दोन अख्खे ठोकळे येतात, काही बिघडत नाही. पण २५६० ची ओळ ८० च्या ३२ ओळींत मोडायला जा. आकड्यांची संख्या तंतोतंत जुळते, टेन्सर सलगही आहे, तरीही रीशेप होत नाही, कारण तिसरा ठोकळा अर्धा या ओळीत आणि अर्धा पुढच्या ओळीत पडतो.