लाईट, बग आणि ताटातला घोडा

परवा संध्याकाळी पावसात लाईट गेली. शेजारच्या वहिनींनी बाल्कनीतून विचारलं, "तुमची पण गेली?" काय गेली हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

काळोखात मोबाइल उघडला, तर फोंड्यातल्या आमच्या ग्रुपवर कुणीतरी ढकललेला मेसेज: इंग्रजी दरिद्री, एका शब्दाला दहा अर्थ, संस्कृतात एका शब्दाला एकच, म्हणून नासाने ती संगणकासाठी निवडली! 1985 साली रिक ब्रिग्ज या नासाशी संबंधित संशोधकाने संस्कृत व्याकरण आणि संगणकातली ज्ञानाची मांडणी यांतल्या साम्यावर एक लेख लिहिला, त्याचं हे झालेलं भारूड. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या तिसऱ्या कांडात अनेक अर्थ असलेल्या शब्दांचा अख्खा नानार्थवर्ग आहे, तो तरी उघडायचा.

इंग्रजीत लाईट म्हणजे उजेड आणि लाईट म्हणजे हलका. पण हे एका शब्दाचे दोन अर्थ नव्हेत, मुळात शब्दच दोन. उजेडवाला संस्कृत 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूचा चुलतभाऊ, हलकावाला 'लघु'चा. झिजत झिजत दोघे एकाच उच्चारावर येऊन ठेपले. दिवा, सिग्नल, काडी पेटवणं या मात्र उजेडाच्याच फांद्या. जसं आपलं पान झाडाचं, वहीचं, विड्याचं आणि जेवणाचंही. त्यात आपण वीज हा अर्थ जोडला. आपल्याकडे फ्रिजसुद्धा लाईटवर चालतो, आणि ती 'जाते', बहुधा विजेमुळेच स्त्रीलिंगी झाली.

मग ऐकताना घोटाळा का होत नाही? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांचा 1979 चा प्रयोग माझा फार आवडता. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, तसाच चोरून ऐकायचा मायक्रोफोनही. लोकांना वाक्य ऐकवलं: खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर बग सापडले. 'बग' कानावर पडताक्षणी पडद्यावर अक्षरं उमटत. हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच बटण दाबून सांगायचं. संबंधित अर्थ डोक्यात जागा असेल तर बोट लवकर पडतं. 'मुंगी'ला ते लवकर पडलं, ठीक. पण 'हेर'लाही पडलं! झुरळांच्या गर्दीत हेराचं काय काम? तरी तो अर्थ जागा झाला होता. वाक्य जेमतेम तीन अक्षरं पुढे सरकल्यावर तपासलं, तर फक्त मुंगी उरली होती. म्हणजे संदर्भ अर्थाला दाराशी अडवत नाही. आत घेतो आणि लगेच हाकलतो. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गाठ सापडली: एक अर्थ रोजचा, दुसरा क्वचितचा, आणि संदर्भ क्वचितच्या बाजूने असेल, तर वाचकाची नजर त्या शब्दावर जास्त रेंगाळते.

आपल्या शास्त्रकारांचं जुनं उदाहरण आहे, 'सैंधव आण'. जेवताना सांगितलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना सांगितलं तर घोडा. स्विनींचं खरं धरलं, तर ताटावर बसलेल्याच्या डोक्यातूनही क्षणभर घोडा दौडत जातो.