‘रूट केलेला फोन’ म्हणजे नेमका कुठला?

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये जुना फोन दाखवला, की दुकानदार आधी एक्स्चेंजचा भाव सांगतो. बॅटरी बदलून मिळते, डिस्प्ले बदलून मिळतो. सॉफ्टवेअर जुनं झालं असेल तर मात्र ‘याला आता अपडेट येत नाही’ यावर विषय संपतो. तो तिथे संपू नये म्हणून पंधरा-सोळा वर्षं जगभरची माणसं फावल्या वेळात खपत आली आहेत. त्यांचं काम आज का अडलंय, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात २००९ ची. सायनोजेनमॉड नावाची रॉम (फोनवर कंपनीच्या सिस्टीमऐवजी टाकायची, अँड्रॉइडपासूनच बनवलेली दुसरी सिस्टीम) तेव्हा नुकती लोकप्रिय होत होती. त्याच वर्षी गूगलची नोटीस आली: अँड्रॉइड खुलं असलं तरी जीमेल, मॅप्स आमची आहेत, ती सोबत वाटू नका. तेव्हापासून आधी रॉम टाकायची आणि मग ‘गॅप्स’, म्हणजे गूगलची ॲप्स, वेगळी टाकायची, अशी रीत पडली. डिसेंबर २०१४ मध्ये याच रॉमच्या भारतातल्या हक्कांवरून वनप्लस वनच्या विक्रीवर दिल्ली उच्च न्यायालयाने तात्पुरती बंदी घातली आणि काही दिवसांतच ती उठली. २०१६ संपता संपता सायनोजेन बंद पडलं आणि त्याच कोडमधून लिनिएजओएस उभं राहिलं.

आपल्याकडे हा प्रकार खऱ्या अर्थाने घरात शिरला तो २०१७ मध्ये, रेडमी नोट ४ बरोबर. दहा हजारांच्या आसपास किंमत, स्नॅपड्रॅगन ६२५, ४१०० एमएएचची बॅटरी. लोकलच्या डब्यात जिकडेतिकडे तोच. कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ वर सोडून दिलं. रॉम करणाऱ्यांनी मात्र ‘मिडो’ या त्याच्या सांकेतिक नावाने त्याला अँड्रॉइड ११ आणि त्याच्याही पुढे नेलं.

त्याच सुमाराची एक अडचण नवी मुंबईकरांना विशेष आठवेल. घणसोलीत भलामोठा कॅम्पस असलेल्या जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली, ती निव्वळ फोरजीवर. टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणजे फोन करायचा तर व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, हवंच. आणि तेव्हाच्या कित्येक रॉममध्ये नेमकं व्होल्टीच चालत नसे. इंटरनेट सुसाट, पण कॉल लागत नाही. व्होल्टी धड चालायला लागल्यावरच रॉम टाकलेला फोन आईवडिलांच्या हातात देता येऊ लागला.

आता मूळ गुंता. आपण सरसकट ‘फोन रूट केला’ म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे दाराचं कुलूप काढणं: कंपनीखेरीज दुसऱ्याची सिस्टीम आत येऊ शकते, इतकंच. रॉम टाकणं म्हणजे ती दुसरी सिस्टीम आणणं. आणि रूट म्हणजे एखाद्या ॲपला सिस्टीमच्या मुळापर्यंत हात घालायची मुभा देणं. रॉमसाठी अनलॉक लागतं, रूट लागत नाही. लिनिएजओएस मुळात रूटशिवायच येतं.

आईच्या नोट ४ वर मी कोपरखैरण्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर रॉम टाकली. अनलॉकसाठी कंपनीकडे अर्ज करून वाट पाहायची. कुणाला ७२ तास सांगत, कुणाला ३६०. यामागचं कारण खोटं नव्हतं. मधले विक्रेते घातक सॉफ्टवेअर घुसवून फोन विकत होते, म्हणून २०१६ पासून कुलूप आलं. मुदत संपल्यावर पॉवर आणि व्हॉल्यूमचं खालचं बटण एकत्र दाबून धरलं; कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या रोबोटची दुरुस्ती करतोय ते चित्र आलं, केबल जोडली आणि तासाभरात फोन नव्यासारखा चालू लागला. रूट केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आई भाजीवाल्यासमोर उभी, आणि बँकेचं ॲप म्हणतंय, ‘आपले डिव्हाइस रूट केलेले आहे.’

मला या निर्णयाचं दुःख आहे, कारण त्यात सुरक्षेचं माप चुकीच्या जागी लावलंय. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आणि पैसे सांभाळणाऱ्या ॲपने फोनची झडती घ्यावी हे योग्यच. पण आधी सेफ्टीनेटने आणि मग प्ले इंटिग्रिटीने, म्हणजे ॲप ज्यांच्याकडून फोन तपासून घेतात त्या गूगलच्या सेवांनी, पाहिलं ते मुख्यतः कुलूप लावलेलं आहे का, आणि सिस्टीम गूगलने प्रमाणित केलेली आहे का. त्यामुळे पाच वर्षं एकही पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) न मिळालेला मूळ फोन बिनबोभाट पास होत राहिला, आणि गेल्याच महिन्याचा पॅच असलेला आईचा फोन नापास. चिपच्या फर्मवेअरची, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरची, भोकं रॉमने बुजत नाहीत, हे मान्य. ती तर मूळ फोनमध्येही उघडीच असतात, शिवाय वरची सगळीही.

२०२५ मध्ये यात बदल झाला: प्ले इंटिग्रिटीच्या सर्वांत कडक पातळीसाठी गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच लागू लागला. पण तो नियम अँड्रॉइड १३ आणि पुढच्यांनाच. दरम्यान २०२३-२४ पासून काही महाग फोनना सात वर्षं अपडेटचं वचन मिळू लागलं. दहा हजारांच्या फोनला ते क्वचितच मिळतं, आणि वाशीच्या दुकानात एक्स्चेंजला येतात ते बहुतेक हेच फोन.

आई आता भाजीचे पैसे दुसऱ्या फोनवरून देते. नोट ४ स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो. सकाळी त्यावर आकाशवाणी, दुपारी नातवाशी व्हिडिओ कॉल, आणि पॅच आला की ती मला हाक मारते, ‘अरे, याचं काहीतरी आलंय बघ.’