कमेंट उडवली नाही, रांगेत आहे

चार हौशी माणसं पदरमोड करून ऑनलाइन गप्पांचा एखादा कट्टा चालवत असतील, तर त्यांच्याकडे एक तक्रार हमखास येते : "माझी कमेंट दिसत नाहीये. उडवलीत का?" पुण्यात बऱ्याचदा प्रश्नाचा दुसरा भाग आधी येतो. आपलं मत कुणीतरी मुद्दाम दाबलं अशी शंका घेणं हा इथे जन्मसिद्ध हक्क आहे. पण फेडिव्हर्सवर, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या हजारो स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यात, न दिसणारी कमेंट बहुतेक वेळा कुणी उडवलेली नसते. ती कुठल्या तरी रांगेत उभी असते, आणि ही रांग का लागते ते समजून घ्यायला थोडं गणित आणि थोडं भौतिकशास्त्र लागतं.

या जाळ्यात मालक एक नसतो. ईमेलचं जसं आहे, तसंच : तुमचं खातं एका सर्व्हरवर, माझं दुसऱ्या, तरी आपण बोलू शकतो, कारण दोन्ही सर्व्हर एकच भाषा बोलतात. त्या भाषेचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली. ही भाषा बोलणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी मॅस्टोडॉन हे सर्वांना ठाऊक असलेलं नाव. विषयवार चर्चांसाठी लेमी आहे. २०२३ मध्ये रेडिट या चर्चांच्या साइटने बाहेरच्या ॲप्सवर मोठं शुल्क लावलं, तेव्हा चिडलेली बरीच मंडळी लेमीवर आली आणि हौशी चालकांची झोप उडाली.

समजा, पुण्यातल्या सर्व्हरवर खातं असलेल्या बाईंनी फिनलंडमधल्या सर्व्हरवरच्या बागकामाच्या गटात कमेंट लिहिली. ती आधी पुण्याच्या डेटाबेसमध्ये नोंदली जाते, म्हणून त्यांना स्वतःला लगेच दिसते. मग तिची प्रत फिनलंडला जाते, कारण गटाचं घर तिथे. फिनलंडचा सर्व्हर ती ज्या ज्या सर्व्हरवर त्या गटाचे सदस्य आहेत, तिथे तिथे पाठवतो. म्हणजे एकाच चर्चेच्या शेकडो प्रती जगभर असतात आणि कुठल्याही क्षणी त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत असतीलच असं नाही. संगणकशास्त्र हे मान्य करूनच पुढे जातं : प्रती शेवटी जुळतील, पण कधी, याची हमी नाही.

म्हणून तक्रार आली की कमेंट तीन ठिकाणी बघायची : लिहिणाऱ्याच्या सर्व्हरवर, गटाच्या घरी आणि एखाद्या तिऱ्हाईत सर्व्हरवर. पहिल्या ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, तर अडचण आपल्याकडून बाहेर पडताना आहे. घरी पोचली पण तिऱ्हाईताकडे नाही, तर पुढच्या वाटपात. या दोन मिनिटांच्या तपासणीत बरीच भांडणं मिटतात.

एक प्रकार मात्र फसवा. लेमीवर एखाद्या गटाचा मजकूर आपल्याकडे येत राहतो, तो आपल्या सर्व्हरवरचा किमान एक जण त्या गटाचा सदस्य आहे तोवरच. तो एकटा सदस्य निघून गेला की गट आपल्याकडे गोठतो. जुना मजकूर दिसतो, नवा येत नाही, आणि वाटतं की गटच ओस पडला. दोन सर्व्हरांनी संबंध तोडले तरी असंच होतं. जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरने नव्या खात्यांचा लोंढा आवरेना म्हणून लेमी.वर्ल्ड या मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. अशा वेळी तुटलेल्या बाजूचे लोक गटाच्या जुन्या प्रतीवर लिहीत राहू शकतात, आपापसांत उत्तरंही देऊ शकतात. फक्त ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच जात नाही.

आता रांगेकडे. लेमीवर प्रत्येक मत (म्हणजे आवडलं-नावडलं सांगणारी टिचकी), प्रत्येक कमेंट, प्रत्येक दुरुस्ती हा वेगळा संदेश असतो. एखाद्या पोस्टला १०० मतं पडली आणि गटाचे सदस्य २०० सर्व्हरांवर विखुरलेले असले, तर त्या १०० टिचक्यांचे २०,००० संदेश होतात. आधीच्या आवृत्त्यांत ही रांग मेमरीत राहायची. सर्व्हर बंद करून चालू केला की रांगेतलं सगळं गायब. डिसेंबर २०२३ च्या ०.१९ या आवृत्तीत ती डेटाबेसमध्ये आणली आणि संदेश क्रमाने, एकेक करून पाठवायचं ठरलं : पहिल्याची पोच आल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. हरवणं थांबलं, पण ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हरांचे हाल सुरू झाले.

का, ते पाहू. युरोपातून ऑस्ट्रेलिया साधारण १५,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे निर्वातातल्या वेगाच्या दोनतृतीयांश. जायला ७५ मिलिसेकंद, पोच परत यायला ७५. केबल काही सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत वळणं आणि उपकरणं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा हेलपाटा ३०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. एकेक करून पाठवायचं तर सेकंदाला तीनहून थोडेसेच जास्त संदेश, दिवसाला २ लाख ८८ हजार. मोठ्या सर्व्हरवर दिवसभरात याहून जास्त घडामोडी होऊ लागल्या की रांग रोज वाढतच जाते. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही सर्व्हरांवर लेमी.वर्ल्डचा मजकूर कित्येक दिवस उशिरा पोचत होता. मशीन कितीही ताकदवान घ्या, रॅम दुप्पट करा, प्रकाशाचा वेग वाढत नाही.

पुणेकराला हे लक्ष्मी रस्त्यावर कळतं. विसर्जनाच्या दिवशी मानाचे पाच गणपती एकामागून एक जातात आणि पुढचं पथक हलल्याशिवाय मागच्याला जागा नाही. मागचा कितीही उत्साही असो. यावर शहराने कधीचाच तोडगा काढलाय : बाकीची मंडळं टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्त्यांवरून समांतर येतात. लेमीने तेच केलं. नोव्हेंबर २०२४ च्या ०.१९.६ आवृत्तीपासून एकाच सर्व्हरला एका वेळी अनेक संदेश पाठवता येतात. पण हे चारही रस्ते शेवटी अलका चौकातच येतात, आणि तिथे कोण आधी पोचेल याचा नेम नाही. समांतर पाठवताना एखादं उत्तर मूळ कमेंटच्या आधी येऊन थडकू शकतं. मग घेणाऱ्या सर्व्हरला मूळ कमेंट स्वतःहून मागवून आणावी लागते.

आपण ऑस्ट्रेलियाइतके लांब नाही, पण निर्धास्तही नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबल तांबड्या समुद्रातून जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या काही तुटल्या. असं झालं की वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागते, हेलपाटा लांबतो आणि एकेरी रांग आणखी मंदावते.

रांगेचं गणित फेडिव्हर्सपेक्षा खूप जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. त्यातला सर्वांत साधा नमुना घ्या : संदेश अनियमितपणे येतात, एकच खिडकी आहे. खिडकी ५० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर एका संदेशाच्या कामाला लागतो तितकाच वेळ सरासरी ताटकळावं लागतं. ९० टक्क्यांना हे ताटकळणं नऊपट होतं, ९५ ला १९ पट, ९९ ला ९९ पट. नवखा चालक आलेखावर ९५ टक्के बघून म्हणतो, अजून ५ टक्के मोकळे आहेत की! ते मोकळे नसतात. माझ्या मते हौशी चालकाने बाकी काही शिकलं नाही तरी चालेल, हा एक आकडेवारीचा चढ डोक्यात ठेवावा आणि ७० टक्क्यांच्या पुढे काटा गेला की वर्गणीचं बोलायला सुरुवात करावी.

समोरचा सर्व्हर बंदच असेल तर? कुणी घरातल्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवतो आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पुण्यात काही नवं नाही. पाठवणारा मग थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. मॅस्टोडॉन यासाठी साइडकिक नावाची रांग वापरतं. तिच्यात दर वेळची विश्रांती आधी झालेल्या फेरप्रयत्नांच्या चौथ्या घाताने वाढते. पाचव्या फेरप्रयत्नाआधी साधारण साडेचार मिनिटं, दहाव्याआधी जवळजवळ दोन तास, सोळाव्याआधी १४ तास. असे १६ फेरप्रयत्न सुमारे दोन दिवसांत संपतात, मग तो संदेश सोडून दिला जातो. म्हणजे गुरुवारचे चार तास सहज निभावतात, पण दिवाळीला गावी जाताना बंद करून गेलात तर मधलं बरंच काही येणारच नाही.

प्रत्येक विश्रांतीत थोडी यादृच्छिक भर घालतात, ती मुद्दाम. नाहीतर वीज आल्याबरोबर शेकडो सर्व्हर एकाच ठोक्याला दार वाजवतील आणि बिचारा पुन्हा आडवा होईल. ही युक्ती १९७१ मध्ये सुरू झालेल्या हवाई विद्यापीठाच्या अलोहानेट या रेडिओ जाळ्यातली : दोन केंद्रांचे संदेश एकमेकांवर आदळले की दोघांनी वेगवेगळा, दैवावर सोडलेला वेळ थांबायचं.

घड्याळाचा घोटाळा सर्वांत शेवटी सापडतो. प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते आणि सहीत वेळ असते, म्हणजे जुना संदेश चोरून कुणी पुन्हा वापरू नये. संगणकातल्या साध्या क्वार्ट्‌झ स्फटिकाची चूक दहा लाखांत २० भाग धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला दहा मिनिटांहून जास्त. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणारी सेवा बंद पडली, की काही सर्व्हर आपले संदेश नाकारू लागतात आणि काही घेत राहतात. किती फरक चालवून घ्यायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. अर्धवट चालणारा बिघाड शोधायला सर्वांत अवघड असतो. तेव्हा कशालाही हात लावण्याआधी सर्व्हरवर तारीख-वेळ बघून घ्या.

सहीच्या किल्ल्या डेटाबेसमध्येच असतात. डिस्क बसली, बॅकअप नाही आणि त्याच पत्त्यावर सगळं नव्याने उभारलं, तर इतर सर्व्हरांकडे जुन्या किल्ल्यांची नोंद असते आणि नवी सही त्यांना तोतयाची वाटू शकते. बॅकअप रोज घ्यावा, दुसऱ्या यंत्रावर ठेवावा आणि अधूनमधून तो खरोखर उघडतो का हे करून बघावं. त्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे असू नये. हौशी माणसाची बदली होते, बाळ होतं, परीक्षा येते, आणि ज्या दिवशी तो फोन उचलत नाही, त्याच दिवशी डिस्क भरते.