जॉय-कॉनचा ड्रिफ्ट आणि टिकाऊ पर्यायांचा शोध : पार्श्वभूमी
मार्च 2017 मध्ये निन्टेंडो कंपनीचा स्विच हा गेम कन्सोल बाजारात आला आणि लगेच त्याच्या डाव्या जॉय-कॉनबद्दल, म्हणजे बाजूला अडकवायच्या छोट्या कंट्रोलरबद्दल, कुरबूर सुरू झाली. ती वेगळीच होती. सिग्नल मध्येच तुटायचा. कंपनीने आत फोमचा छोटा तुकडा बसवून दिला आणि विषय मिटला. ड्रिफ्टचे, म्हणजे हात न लावताही स्टिक ढकलल्यासारखी वागण्याचे, तसे झाले नाही.

जॉय-कॉन चपटा, म्हणून त्याची स्टिकही (अंगठ्याने फिरवायची दांडी) चपटी. तिच्या पोटात कार्बनचे पातळ पट्टे असतात, त्यांवरून धातूची बारीक पट्टी सरकते आणि ती कुठे टेकली आहे त्यावरून कन्सोलला दिशा कळते. घासून घासून कार्बन झिजतो, त्याची पूड आतच साचते आणि स्टिक मधोमध असतानाही ती ढकललेली आहे असा कन्सोलचा समज होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला की काही दिवस बरे जातात. आवरणावर अंगठा दाबला की ड्रिफ्ट थांबतो, हे 2021 मध्ये कुणाच्या तरी लक्षात आले आणि लोक जॉय-कॉन उघडून आत पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा सारू लागले. पुठ्ठ्याने दाब परत मिळतो, झिजलेला कार्बन मिळत नाही.

न घासणारी स्टिक काही नवी नव्हती. चुंबक आणि हॉल सेन्सर (स्पर्श न करता चुंबकाची जागा ओळखणारा) वापरणारे कंट्रोलर 1990 च्या दशकात सेगाच्या सॅटर्न आणि ड्रीमकास्ट या कन्सोलसाठी आले होते. त्याच काळातल्या निन्टेंडो 64 च्या स्टिकमध्ये सेन्सर प्रकाशावर चालणारा होता, पण खालची प्लास्टिकची वाटी झिजून स्टिक लुळी पडायची. सेन्सर टिकला म्हणजे स्टिक टिकली असे होत नाही, हे आजच्या ‘आयुष्यभर ड्रिफ्ट नाही’वाल्या जाहिराती सोयीने विसरतात.

खरा वाद पेटला तो दुरुस्तीच्या धोरणावर. जुलै 2019 मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. त्याच महिन्यात बातमी फुटली, की वॉरंटी संपलेले जॉय-कॉनही फुकट दुरुस्त करा, अशी अंतर्गत सूचना तिथल्या ग्राहक सेवेला गेली आहे. उत्पादनात दोष आहे असे मात्र कंपनीने म्हटले नाही. जून 2020 मध्ये अध्यक्षांनी भागधारकांपुढे ‘त्रासाबद्दल’ माफी मागितली आणि प्रकरण न्यायालयात असल्याचे सांगून पुढे बोलणे टाळले. ते न्यायालयातही फार काळ राहिले नाही. कन्सोल सुरू करताना ज्या अटींवर आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो, त्यांतल्या कलमाच्या आधारे ते 2020 मध्येच लवादाकडे गेले. मग मुलांच्या नावाने दावा उभा करून पाहिला, तोही टिकला नाही.

युरोपात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने जवळपास 25,000 तक्रारी पुढे ठेवल्या. त्यांतल्या 88 टक्के ग्राहकांचा कंट्रोलर पहिल्या दोन वर्षांतच बिघडला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी मुलाखतीत गाडीच्या टायरचा दाखला दिला : घर्षण आले की झीज आलीच, सुधारणा सतत चालू आहेत. दाखला चुकीचा नाही, पण टायर बदलता येईल अशा बेताने बनवलेला असतो. सप्टेंबर 2019 मध्ये आलेल्या ‘स्विच लाइट’ या छोट्या आवृत्तीमध्ये तर कंट्रोलर सुटाच होत नव्हता. स्टिक बिघडली की अख्खा कन्सोल दुरुस्तीला. 2023 मध्ये कंपनीने युरोपपुरते मान्य केले, की झीज असो वा दोष, वॉरंटीनंतरही दुरुस्ती मोफत. पण दुरुस्ती म्हणजे पुन्हा तशीच घासणारी स्टिक. पर्यायांचा बाजार फोफावला तो यामुळे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हा बाजार आणखी गरजेचा. स्विच भारतात अधिकृतपणे आलाच नाही, त्यामुळे मोफत दुरुस्तीचा हक्कही नाही. बाहेरून आणलेला, नाहीतर लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी घेतलेला कन्सोल दुकानदाराच्या शब्दावर चालतो.

सुरुवातीचे पर्याय म्हणजे हातात मावतील असे मोठे कंट्रोलर. 2019 मधल्या एका जपानी जोडीची पकड छान होती, पण तिला बॅटरी नव्हती, कंपन नव्हते, जायरो (हालचाल ओळखणारा सेन्सर) नव्हता. कन्सोलपासून काढली की निकामी. 2022 च्या अखेरीस एका चिनी कंपनीने मूळ जॉय-कॉनमध्ये बसणारी हॉल स्टिक काढली आणि चित्र पालटले. जायरो, कंपन, एनएफसी (जवळ धरलेली चिप वाचण्याची सोय) सगळे जागच्या जागी, बदलायची ती फक्त स्टिक. तीन पात्यांच्या खाचेचे चार स्क्रू, बॅटरी बाजूला, रिबन केबलची नाजूक खिट्टी उचलायची, शेवटी सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन. खिट्टी मोडली तर मात्र टिकाऊ स्टिक हातात आणि जॉय-कॉन कचऱ्यात. तयार जॉय-कॉनसारखे हॉल कंट्रोलरही आले. त्यांच्यात बहुधा एनएफसी किंवा इन्फ्रारेड कॅमेरा नसतो, काही कन्सोलला झोपेतून उठवत नाहीत. नंतर चुंबकावरच चालणाऱ्या, पण कमी वीज खाणाऱ्या टीएमआर स्टिकही निघाल्या.

जून 2025 च्या स्विच 2 मध्ये हॉल स्टिक नाही, हे कंपनीने आधीच सांगितले होते. उघडून पाहणाऱ्यांना आत पोटेन्शिओमीटरच, म्हणजे तीच घासणारी रचना, दिसला. जोडणीसाठी रुळांऐवजी चुंबक आले. त्यामुळे हॉल स्टिक बसवलेला जुना जॉय-कॉन नव्या कन्सोलवर वायरलेस चालतो, पण त्याला अडकवता येत नाही आणि चार्ज करायला जुना स्विच किंवा वेगळी ग्रिप लागते.