धर्मभगिनी भिंतीबाहेर कशा आल्या

सोळाव्या शतकात कॅथलिक धर्मभगिनीने गावात फिरून मुलींना शिकवणे म्हणजे उघड नियमभंग होता. व्रते घेतलेल्या स्त्रीने मठाबाहेर पाऊल टाकू नये, असा आदेश आठव्या बोनिफेस या पोपने १२९८ मध्येच काढला होता. ल्यूथरच्या बंडानंतर मठांतल्या ढिलाईवर चौफेर टीका होऊ लागली, तेव्हा ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेने १५६३ मध्ये तोच नियम आणखी आवळला. शिस्त लावायची तर कुलूप घाला, असा हा सरळ हिशेब!

त्याआधी, १५३५ मध्ये, इटलीतल्या ब्रेशियात अँजेला मेरिची यांनी वेगळी वाट काढली होती. त्यांच्या ‘अर्सुलाइन’ संघातल्या भगिनी आपापल्या घरीच राहत. मठही नाही, कोंडणेही नाही. पुढे फ्रान्समध्ये याच संघाला भिंतीआड जावे लागले. शिकवणे थांबले नाही, फक्त मुलींनाच मठात यावे लागले.

खरा खटका उडाला तो मेरी वॉर्ड यांच्याबाबतीत. इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ चालू असताना, १५८५ मध्ये, यॉर्कशरात त्यांचा जन्म झाला. १६०९ च्या सुमारास मोजक्या मैत्रिणींसह त्यांनी आजच्या फ्रान्समधल्या सेंट ओमेर येथे संस्था काढली आणि मुलींसाठी शाळा सुरू केली. त्यांना येशूसंघीयांसारखी, म्हणजे जेझुइट पुरुषांच्या संघासारखी, रचना हवी होती: बंदिस्त मठ नको, स्थानिक बिशपची सत्ता नको, थेट पोपच्या अधिकाराखाली काम हवे. मागणी कोणाला रुचणार होती? विरोधक त्यांना ‘उधळलेल्या पोरी’ म्हणत. १६३१ मध्ये आठव्या अर्बन पोपने संस्थाच मोडीत काढली. म्युनिकमध्ये मेरींना पाखंडी ठरवून एका मठात कोंडण्यात आले. तिथून त्या पुड्यांच्या कागदावर लिंबाच्या रसाने पत्रे लिहीत. बाहेरच्या भगिनी कागद शेकून अक्षरे उमटवीत. पुढे त्या सुटल्या, संस्थाही वेगळ्या रूपात तगली, पण संस्थापक म्हणून त्यांचे नाव घ्यायला रोमने १९०९ मध्ये परवानगी दिली. म्हणजे मृत्यूनंतर अडीच शतकांहून अधिक काळाने.

फ्रान्समधले धर्मगुरू व्हिन्सेंट दि पॉल आणि त्यांच्या सहकारी लुईज दि मारियाक जास्त धोरणी निघाले. १६३३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या संघातल्या भगिनींना त्यांनी चर्चच्या कायद्याच्या अर्थाने नन होऊच दिले नाही, म्हणजे कोंडण्याचा नियम लागूच होत नव्हता. पुढे व्रते आली तीही दरवर्षी नव्याने घ्यायची. त्यामुळे रुग्णांची घरे आणि शहरातले रस्ते हाच त्यांचा मठ, असे व्हिन्सेंट सांगू शकले. एकोणिसाव्या शतकात शिकवणाऱ्या, शुश्रूषा करणाऱ्या संघांची लाटच आली. अशा भगिनींना पूर्ण धार्मिक दर्जा मात्र तेराव्या लिओ पोपने १९०० मध्ये दिला.

मेरी वॉर्ड यांच्याच परंपरेतल्या आयर्लंडच्या लोरेटो भगिनी १८४१ च्या अखेरीस कलकत्त्यात पोहोचल्या. मदर तेरेसा याच संघातल्या. एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत त्यांनी भूगोल आणि इतिहास शिकवला, पुढे मुख्याध्यापिकाही झाल्या. लोरेटोच्या भगिनी तेव्हाही सहसा आवाराबाहेर पडत नसत. म्हणून झोपडपट्टीत काम करायचे तर तेरेसांना आधी रोमची परवानगी मिळवावी लागली. ती १९४८ मध्ये आली, सुरुवातीला एका वर्षापुरती. त्यांच्या नव्या संघाला, मिशनरीज ऑफ चॅरिटीला, मान्यता मिळायला १९५० उजाडले.