बनियनला हिरो चालतो, सरकीला शेतकरी लागतो

जालन्याहून अंबडच्या रस्त्याला लागलं, की दोन तऱ्हेच्या जाहिराती दिसतात. भिंतीवर बनियन घातलेला हिंदी सिनेमातला हिरो. जरा पुढं विजेच्या खांबाला सरकीच्या वाणाचा फ्लेक्स, आणि त्यावर बोंडांनी लगडलेल्या झाडाशेजारी उभा एक टोपीवाला शेतकरी. खाली त्याचं नाव, गाव, तालुका आणि एकरी किती क्विंटल कापूस झाला तो आकडा. बियाण्याच्या कंपन्यांना हिरो परवडत नाही, असं कोणी म्हणू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यातच महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि तेव्हापासून हे शहर बियाण्यांची राजधानी म्हणवून घेतं. पैसा आहे, तरी फ्लेक्सवर शेतकरीच. कंपनीच्या माणसांना गिऱ्हाईक पक्कं कळलेलं आहे.

आधी हिरोचं बघू. आपल्याकडं सिनेनटीच्या चेहऱ्यावर साबण विकायला लीला चिटणीसांपासून सुरुवात झाली. १९४१ साली त्या लक्सच्या जाहिरातीत आल्या. इतकी वर्षं हा प्रकार चालू आहे म्हणजे त्यात फायदा असणारच, असं वाटतं. पण शेजारच्या कंपनीनं हिरो घेतला म्हणून आपणही घ्यायचा, एवढ्यावरही धंदे चालतात. शिवाय हिरो आला, की टीव्हीवरच्या जाहिराती वाढतात आणि दुकानादुकानात मालही पोचतो. मग खप वाढला तो नेमका कशानं, हे सांगणं कठीण होऊन बसतं.

तरी काही संशोधकांनी हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. अनिता एल्बर्स आणि येरून व्हर्लून यांनी खेळाडूंच्या जाहिरातींचे करार तपासले आणि त्याच मालाच्या स्पर्धक कंपन्यांचा खप शेजारी ठेवून पाहिला. २०१२ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार खप सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि त्या खेळाडूनं मोठी स्पर्धा जिंकली की आणखी थोडा. मोठ्या कंपनीला ४ टक्के म्हणजे भरपूर पैसा. पण नामांकित चेहरा दिसला आणि लोकांनी दुकान लुटलं, असलं काही होत नाही.

योहानेस क्नोल आणि योर्ग मात्थेस यांनी २०१७ साली ४६ अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली. त्यांत मिळून १० हजारांवर लोक होते. सगळ्यांची सरासरी काढली तर परिणाम जवळजवळ शून्य. प्रसिद्ध माणूस आणि माल यांचा मेळ बसला की फायदा, नाही बसला की उलट नुकसान, आणि बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. दर्जाचा शिक्का किंवा मिळालेलं बक्षीस दाखवणाऱ्या जाहिराती तर प्रसिद्ध चेहऱ्याच्या पुढं गेल्या.

मग चेहरा चालतो कुठं? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला रिचर्ड पेटी, जॉन कॅसिओपो आणि डेव्हिड शूमन यांच्या १९८३ सालच्या प्रयोगात सापडतं. वस्तू साधी, दाढीचा रेझर. काही विद्यार्थ्यांना सांगितलं की हा रेझर लवकरच तुमच्या भागात मिळणार आहे आणि शेवटी तुम्हाला एक रेझर निवडून घरी न्यायचा आहे. बाकीच्यांना सांगितलं की तो लांबच्या शहरांत विकला जाईल, तुम्हाला बक्षीस म्हणून टूथपेस्ट मिळेल. म्हणजे पहिल्यांना गरज, दुसऱ्यांना काही देणंघेणं नाही. जाहिरातीत कधी नावाजलेले खेळाडू, कधी कॅलिफोर्नियातल्या एका गावची साधी माणसं. मजकूरही दोन प्रकारचा. एकात मूठ घसरत नाही वगैरे कामाच्या गोष्टी, दुसऱ्यात ‘हा पाण्यावर तरंगतो’ असल्या बाता. रेझर पाण्यावर तरंगून कोणाचं काय भलं होणार!

ज्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांच्यावर खेळाडूच्या चेहऱ्यानं काम केलं, रेझर त्यांना जास्त बरा वाटला. ज्यांना खरंच निवडायचा होता, त्यांना चेहऱ्यानं फरक पडला नाही. त्यांनी मजकूर वाचला आणि बाता ओळखल्या. अर्थात हे मत मोजलेलं आहे, प्रत्यक्ष खरेदी नव्हे. तरी कारण पटण्यासारखं आहे. पाच-दहा रुपयांच्या साबणावर डोकं कोण शिणवतं? ओळखीचा चेहरा दिसला, हात पुढं गेला. चुकलं तरी पुढच्या आठवड्यात दुसरी वडी घेता येते.

सरकीचं तसं नाही. ४७५ ग्रॅमची एक बॅग चुकली तर हंगाम गेला, आणि हातउसने घेतलेले पैसे मागं लागले. जूनमध्ये मोंढ्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभं राहून ऐकावं. ‘औंदा कोणचं वाण जोरात हाय?’ हा पहिला प्रश्न, आणि लगेच दुसरा, ‘आमच्या शिवारात कोणी लावलं होतं का?’

हा दुसरा प्रश्न जुना आहे आणि जगभरचा आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली अमेरिकेतल्या आयोवामधल्या २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. विषय होता मक्याचं संकरित बियाणं. त्याची खबर बहुतेकांना आधी सेल्समननं दिली, पण मन वळवलं शेजाऱ्यानं. फ्लेक्सवरचा टोपीवाला म्हणजे कंपनीनं उसना आणलेला हाच शेजारी.

इथवर गोष्ट शेतकऱ्याच्या शहाणपणाची वाटते. पण ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञानं वरंगळच्या कापूसपट्ट्यात जे पाहिलं, ते अस्वस्थ करणारं आहे. (वरंगळ आणि मराठवाडा, दोघं एकाच निजामाच्या राज्यातले, कापसाची कथाही बरीच सारखी.) २००७ साली त्यांनी मांडलं, की एखाद्या गावात एका वाणाची लाट यायची, जो तो तेच लावायचा आणि वर्ष-दोन वर्षांत ते नाव पुसलं जायचं. पलीकडच्या गावात लाट वेगळ्याच वाणाची. हेच वाण का, याला शेतीतलं नीट कारण बहुतेकांकडं नसायचं. शेजाऱ्यानं लावलं म्हणून लावलं. स्वतःच्या कोपऱ्यात दोन ओळी लावून पारख करायची, तर वाणं इतक्या वेगानं बदलत होती की पारख होईपर्यंत दुकानात नवीच नावं आलेली.

हे आपल्याकडं घडत नाही असं म्हणायची सोय नाही. बीजी-२, म्हणजे बाहेरची जनुकं घातलेली बीटी कपाशी, कुठल्याही कंपनीची घेतली तरी तिच्यात बोंडअळीविरुद्धची जनुकं तीच, बॅगेचा कमाल दर सरकारनं ठरवलेला. फरक उरतो संकराचा आणि नावाचा. तरी दर खरिपाला एखाद्या नावावर उड्या पडतात, ते जादा दरानं विकलं जातं, आणि कृषी विभाग ‘विशिष्ट वाणाचा आग्रह धरू नका’ असं पत्रक काढतो. हिरोनं ज्याला फसवलं नाही, तो गर्दीमागं गेला. माझ्या मते शेजाऱ्याचा शब्द फसवा नसतो, अपुरा असतो. त्याचं रान भारी काळ्या मातीचं, आपलं मुरमाड. त्यानं ठिबकवर लावलं, आपण पावसावर. एकरी उताऱ्याचा आकडा या सगळ्यांचा मिळून असतो, आणि श्रेय बॅगेवरच्या नावाला जातं. फ्लेक्सवर माती आणि पाणी छापलेलं मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

फ्लेक्ससाठी फोटो देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मालाची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसं केलं तर ५० लाखांपर्यंत. आधी दाव्याची नीट खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर सुटका. आणि शिफारशीच्या व्याख्येत ‘प्रसिद्ध’ हा शब्दच नाही. एखाद्या व्यक्तीचं नाव, सही किंवा चेहरा वापरून हा त्याचा अनुभव आहे असं ग्राहकाला वाटलं, की झाली शिफारस. त्यात बनियनवाला हिरो बसतो, तसा टोपीवालाही बसतो.