नॉन-बी डीएनए : सिक्वेन्स आणि आकार

नॉन-बी डीएनए म्हणजे डीएनएचे असे आकार जे नेहमीच्या उजव्या पिळाच्या दुहेरी गोफात बसत नाहीत. नेहमीच्या आकाराला बी-डीएनए म्हणतात, १९५३ चं वॉटसन-क्रिक मॉडेल ते हेच, एका पिळात साधारण साडेदहा बेसजोड्या, म्हणजे समोरासमोर जुळलेली ए-टी किंवा जी-सी ही अक्षरं. बारावीपासून एमएससीपर्यंत आपल्या डोक्यात हेच एक चित्र बसलेलं असतं आणि खरं सांगायचं तर पुस्तकं बाकीचे आकार एका परिच्छेदात उरकतात, हे काही बरोबर नाही.

आपल्या नागपुरात, सगळ्या विदर्भातच म्हणा, जीनचा विषय निघाला की सिकलसेल येतोच. बीटा-ग्लोबिन जीनमध्ये जीएजीच्या जागी जीटीजी झालं, एक अक्षर बदललं, प्रोटीन बदललं आणि आजार झाला. त्यामुळे सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांचा क्रम, ही प्रोटीन बनवायची माहिती असंच पक्कं होऊन जातं. पण इथे गोष्ट वेगळी आहे, प्रोटीन बनायच्या आधीच ती अक्षरं खुद्द डीएनएलाच वाकवतात, उलटं पिळतात, नाहीतर तिहेरी-चौपदरी करून टाकतात.

अर्थात नुसत्या सिक्वेन्सने काम होत नाही. बी-आकार सोडायला ऊर्जा लागते आणि पेशीत ती बरीचशी निगेटिव्ह सुपरकॉइलिंगमधून येते, म्हणजे गोफाचा पीळ थोडा सैल झालेला असतो आणि तो ताण कुठेतरी निघायला बघतो. आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम जीन वाचत पुढे सरकतं तेव्हा त्याच्या पुढे पीळ घट्ट होतो अन् मागे सैल पडतो, हे १९८७ मध्ये लिऊ आणि वांग यांनी मांडलं. तो मागचा सैल भाग योग्य सिक्वेन्सवर आला की आकार बदलायची शक्यता वाढते.

योग्य सिक्वेन्स कोणता ते आकारागणिक ठरतं. लहानपणी 'रामाला भाला मारा' सगळ्यांनी उलटंसुलटं वाचलेलं असतं, त्याच धाग्यावर अक्षरं असं दोन्हीकडून सारखी वाचली गेली तर त्याला मिरर रिपीट म्हणतात. एका धाग्यावर सलग ए आणि जी, समोर सलग टी आणि सी, आणि वरून मिरर रिपीट, असं जुळलं तर अर्धा भाग सुटून त्यातला एक धागा शेजारच्या गोफात हूगस्टीन जोड्यांनी (नेहमीपेक्षा वेगळ्या बाजूने जुळणाऱ्या) शिरतो आणि तिहेरी एच-डीएनए तयार होतो. त्यातल्या एका प्रकारात सी या अक्षरावर प्रोटॉन बसावा लागतो, म्हणून तो प्रकार आम्लधर्मी द्रावणात जास्त टिकतो. पण जीएएटीटीसी घ्या, हा इकोआर-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमचा कट. यात दोन्ही धागे आपापल्या दिशेने वाचले की सारखे येतात, हा झाला इन्व्हर्टेड रिपीट, 'रामाला भाला मारा'सारखा नाही, पहिल्यांदा शिकताना पोरं इथेच गोंधळतात. असे रिपीट पुरेसे लांब असले तर प्रत्येक धागा स्वतःवरच दुमडतो आणि क्रूसाचा आकार, म्हणजे क्रूसिफॉर्म, बनतो. सहा अक्षरांचा कट त्यासाठी फारच छोटा, आणि मध्यभागी ए-टी जास्त असले तर उघडायला सोपं जातं. माणसात ११ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमवर असे ए-टीने भरलेले पॅलिंड्रोम आहेत, तिथेच तुटून त्या दोघांत पुन्हा पुन्हा अदलाबदल होते.

झेड-डीएनए डाव्या पिळाचा. त्याला प्युरिन (ए, जी) आणि पिरिमिडीन (टी, सी) आलटून पालटून लागतात, सीजीसीजीसीजी सगळ्यात सोपं, सीए-टीजी त्याच्यानंतर, आणि टीए-टीए जवळजवळ नाहीच. १९७२ मध्ये पोल आणि जोव्हिन यांनी जास्त मिठाच्या द्रावणात हा बदल पाहिला, १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाने क्रिस्टल रचना दाखवली, एका पिळात १२ जोड्या आणि फॉस्फेटची रेघ वाकडीतिकडी. सीवर मिथाइल लागलं की झेड व्हायला अजून सोपं.

पाच-सहा ए सलग असले की गोफ थोडा वाकतो. असे तुकडे दहा-अकरा जोड्यांच्या अंतरावर आले तर वाक साचत जातो, अर्ध्या पिळाच्या अंतराने आले तर एकमेकांना खोडतात. लेशमॅनिया या परजीवीच्या कायनेटोप्लास्ट (मायटोकॉन्ड्रियातल्या) डीएनएचा तुकडा अॅक्रिलामाइड जेलवर त्याच्या लांबीच्या मानाने हळू पळतो ते म्हणूनच.

पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे हा वेगळाच ताप. कॉपी करताना धागा घसरतो, मध्येच लूप सुटतो आणि रिपीटची संख्या बदलते. सीएजी ३६ किंवा त्याहून जास्त झाले की हंटिंग्टनचा धोका, सीजीजी २०० च्या वर गेले की फ्रॅजाइल एक्स, जीएए वाढले की फ्रीडरिक अटॅक्सिया, तिन्ही आनुवंशिक आजार. यातली मजा अशी की सीजीजीच्या रांगेत मधूनमधून एजीजी असलं तर रांग बरीच स्थिर राहते, एका अक्षराने फरक पडतो. फॉरेन्सिकमधलं डीएनए प्रोफाइल काढतात ते याच जातीच्या छोट्या रिपीटवर, म्हणजे एसटीआरवर, आणि नागपूर असो की मुंबई, पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, तीच घसरण होऊन आलेखात खऱ्या पीकच्या (उंच टोकाच्या) आधी एक रिपीट कमी असलेलं छोटं पीक उमटतं. त्याला स्टटर म्हणतात, आणि दोघांचं मिसळलेलं सॅम्पल असलं की त्याचा फार वैताग, कारण छोटं पीक दुसऱ्या माणसाचं की नुसता स्टटर हे ठरवावं लागतं.

जी-क्वाड्रुप्लेक्समध्ये चार जी एका चौकोनात बसतात आणि असे चौकोन एकावर एक रचले जातात, मध्ये पोटॅशियम बसतो. सोडियमने कमी जमतं, लिथियमने फारसं नाहीच. जीच्या द्रावणाचा जेल होतो हे १९१० पासून माहीत होतं, चौकोनाची रचना १९६२ मध्ये कळली. आपल्या टेलोमिअरमधलं, म्हणजे क्रोमोसोमच्या टोकाचं, टीटीएजीजीजी यासाठी जणू घडवूनच आणलेलं. तीन-तीन जीचे चार तुकडे आणि मध्ये एक ते सात अक्षरं, एवढ्या नियमाने २००५ मध्ये माणसाच्या जीनोममध्ये पावणेचार लाखांच्या आसपास जागा निघाल्या, २०१५ मध्ये डीएनए शुद्ध करून, आकार टिकवणारं रसायन घालून मोजलं तर सात लाखांवर, आणि २०१६ मध्ये प्रत्यक्ष पेशीत अँटिबॉडीने शोधलं तर साधारण दहा हजारच, तेही मुख्यतः न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेला प्रोटीनचा गठ्ठा) हटलेल्या, चालू जीनच्या प्रोमोटरपाशी, म्हणजे जीनचं वाचन सुरू होतं त्या जागेपाशी.